तिसरी काडी

बारावीच्या रसायनशास्त्रातला पाचवा पाठ इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा. एकट्या इलेक्ट्रोडचं पोटेन्शियल मोजता येत नाही, दोघांतला फरक तेवढा मोजता येतो, हे त्यात येतं आणि मुलं त्याखाली लाल रेघ मारतात. एका मार्काचा प्रश्न हमखास. रेघ मारून झाली की पानं उलटतात आणि पुढे तक्ता येतो: झिंक उणे ०.७६, तांबं अधिक ०.३४, चांदी अधिक ०.८०. म्हणजे आधी मोजता येत नाही म्हणायचं आणि मग एकेकाचे आकडे दोन दशांशांपर्यंत छापायचे. हे फार थोड्या मुलांना खटकतं. खटकू नये अशीच सगळी व्यवस्था आहे. नीट आणि सीईटीला आकडे दिलेले असतात, वजाबाकी करायची आणि पर्याय निवडायचा.

मी ताडकळसला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. परभणीहून येऊन-जाऊन करतो. गाव पूर्णा तालुक्यातलं, बाजार समितीचं, त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं इथे येतात. ज्यांना जमतं ती दहावीनंतर लातूर किंवा नांदेड गाठतात. उरतात ती कापूस-सोयाबीनवाल्यांची मुलं. सकाळी कॉलेज, दुपारी शेत, हंगामात कॉलेजला दांडी. पुस्तक इंग्रजीत आणि शंका मराठवाडीत, असा आमचा तास चालतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. शंका मराठवाडीत असली की ती पाठ केलेली नसते.

प्रयोगशाळेत सामान बेताचं. झिंक सल्फेटची बाटली कधी असते, कधी तळाला खडा झालेली. म्हणून डॅनियल सेल करायचा तर मी मुलांना कृषी सेवा केंद्रात पाठवतो. हे गंमत म्हणून नाही. सगळं सामान तिथे खरोखरच मिळतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, बोर्डो मिश्रणासाठी पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. झिंक सल्फेट सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून पुड्यात मिळतं. फेरस सल्फेट पिवळ्या पडलेल्या पिकावर फवारतात. आणि सॉल्ट ब्रिजला लागतं पोटॅशियम नायट्रेट. ते तर ठिबकवाल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे, फक्त नाव वेगळं: तेरा-शून्य-पंचेचाळीस. पिशवीवर मोठ्या अक्षरात तेच छापलेलं असतं. मुलांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "सर, मग हे आधी सांगायचं ना. आमच्या घरी अर्धं पोतं पडलंय."

सॉल्ट ब्रिज करायची आमची रीत अशी. किराणा दुकानातलं चायना ग्रास पाण्यात उकळायचं, त्यात तेरा-शून्य-पंचेचाळीस विरघळवायचं आणि कोमट असतानाच ठिबकच्या बारीक नळीच्या तुकड्यात भरून नळी उलट्या यूसारखी वाकवायची. थिजलं की झाला पूल. खाण्याच्या मिठाचाही पूल चालतो, पण पुढे चांदी किंवा शिसं वापरायचं असेल तर क्लोराइड नको, लगेच पांढरा साका बसतो. नायट्रेट कशाशीच भांडत नाही. शिवाय पोटॅशियम आणि नायट्रेट हे दोन आयन पाण्यात जवळपास सारख्या वेगाने सरकतात, त्यामुळे पुलाच्या टोकांशी फुकटचे मिलिव्होल्ट तयार होत नाहीत. खत कंपनीने हा विचार केलेला नसणार, पण आमचं काम होतं.

झिंकचा पत्रा टॉर्चच्या जुन्या सेलचं कवच कापून काढायचा. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कचऱ्यात मिळते, मात्र तिच्यावरचं वार्निश पॉलिश पेपरने घासून काढावं लागतं. नाहीतर मीटर शून्य दाखवतो आणि मुलं माझ्याकडे बघतात. शंभर मिलिलिटरला मोरचूद पंचवीस ग्रॅम, झिंक सल्फेट पावणेएकोणतीस ग्रॅम. खताचं द्रावण गढूळ असतं, गाळून घ्यायचं. दोन ग्लास, एक पूल, एक स्वस्तातला डिजिटल मल्टीमीटर. काळी पिन झिंकला, लाल तांब्याला. १.०८. कधी १.०९.

जॉन फ्रेडरिक डॅनियलने लंडनमध्ये १८३६ साली हा सेल केला. त्याचा एक भाऊबंद आपल्याकडे बराच राबला. मिनोतो सेल म्हणत त्याला. तळाला तांब्याची चकती, तिच्यावर मोरचूद, मग वाळूचा किंवा लाकडाच्या भुशाचा थर आणि वर झिंक. हिंदुस्थानच्या तारखात्यात हे सेल भरपूर वापरले गेले. आमच्या मुलांनी सेवा केंद्रातून आणलेल्या दोन पुड्यांवर एके काळी तारा जात होत्या. तार म्हणजे काय हेच आता मुलांना सांगावं लागतं, तो भाग निराळा.

तक्त्याप्रमाणे उत्तर १.१० यायला हवं. १.०८ आलं की वर्ग खूश असतो, दोन पॉइंटचं काय घेऊन बसायचं. मी इथे थांबत नाही, कारण एवढ्यावर सोडलं तर पुस्तक खरं आणि मीटर जरा कच्चा, एवढीच समजूत पक्की होते. म्हणून मोरचुदाचं द्रावण दहापट पातळ करायला सांगतो. आधी नर्न्स्टच्या सूत्राने काढा: दहापट पातळ, दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे साधारण तीस मिलिव्होल्टची घट. मग मोजा. घट येते जेमतेम निम्मी. मुलं पुन्हा मोजतात, पुन्हा तेच. वाल्थर नर्न्स्टने १८८९ मध्ये हे सूत्र मांडलं, पुढे १९२० चं नोबेलही त्याला मिळालं, आणि ताडकळसच्या मीटरवर ते चुकतं की काय? चुकत नाही. दोन-दोन भारांचे आयन दाट द्रावणात एकमेकांना धरून बसतात, सगळे कामाला येत नाहीत. एक मोलर म्हणून आपण जे द्रावण करतो त्यातली प्रत्यक्ष कर्तबगारी कितीतरी कमी असते. पातळ केलं की ते सुटे होतात, म्हणून घट अपेक्षेपेक्षा कमी. पुस्तकात हे दोन ओळींत उरकलेलं असतं. पेपरात येत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. माझ्या मते या पाठातली ही सगळ्यात खरी गोष्ट आहे.

त्याहून जास्त धुमाळी अॅल्युमिनियम घालतं. तक्त्यात अॅल्युमिनियम उणे १.६६. तांब्याबरोबर जोडलं तर दोन व्होल्ट व्हायला पाहिजे. विजेच्या जुन्या तारेचा तुकडा आणून अॅल्युमिनियम सल्फेटच्या द्रावणात, म्हणजे तुरटीच्या सख्ख्या भावात, बुडवला की मीटर अर्ध्या व्होल्टच्या आसपास घुटमळतो, तेही स्थिर नाही. एका वर्षी एका मुलीने सरळ विचारलं, "सर, मीटर खोटं बोलायलंय का पुस्तक?"

दोन्ही खरं बोलतात. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ, घट्ट साय असते. खरवडली तरी क्षणात पुन्हा धरते. आपण मोजतो ते साय पांघरलेल्या धातूचं. आकडा छापलाय तो उघड्या धातूचा, आणि तो मोजलेला नसून उष्णतेच्या हिशेबातून काढलेला आहे. यावर दाखवायला सोपी गोष्ट म्हणजे मोरचुदाच्या पाण्यात अॅल्युमिनियमचा तुकडा टाकून ठेवणं. बराच वेळ काही होत नाही. मग त्यात चिमूटभर मीठ टाकायचं. क्लोराइड ती साय फोडतं, तुकडा बुडबुडतो, ग्लास हाताला गरम लागतो आणि लालसर तांबं भुरभुरत खाली बसतं. त्या दिवशी वर्गातला एक मुलगा म्हणाला की त्याचे वडील वायरमन आहेत आणि मीटरपाशी तांबं-अॅल्युमिनियम नुसतं पिळून जोडू देत नाहीत, मधे बायमेटलचा लग लावतात. पावसाळ्यात तो जोड कामून काळा पडतो हे त्याला आत्ता कळलं, असंही म्हणाला. मी त्याला फळ्यापाशी बोलावून उरलेला तास त्यालाच घ्यायला लावला. बरा घेतला.

पण मूळ अडचण तशीच राहते. मीटर फरक सांगतो. १.०८ मध्ये झिंकचा वाटा किती, तांब्याचा किती? फरक कमी आला तर दोघांपैकी दोषी कोण? एकटा माणूस व्याही नसतो, समोर दुसरं घर असावं लागतं. इलेक्ट्रोडचंही तसंच, हे सांगून झालं. मुलं हसली, वहीत लिहून घेतलं, आणि तक्त्यातले सुटे आकडे आले कुठून हे तसंच राहिलं. पुस्तकाचं उत्तर आहे स्टँडर्ड हायड्रोजन इलेक्ट्रोड. प्लॅटिनमचा पत्रा, त्यावर प्लॅटिनमचीच काळी पूड, ठरावीक ताकदीचं आम्ल आणि त्यात एक बार दाबाने सोडलेला शुद्ध हायड्रोजन. याचं पोटेन्शियल सगळ्या तापमानांना शून्य मानायचं. मानायचं, बरं का, असतं असं नाही. मी स्वतः तो शिकताना फक्त चित्रात पाहिला आणि शिकवतानाही चित्रातच दाखवतो. प्लॅटिनमचा पत्रा आमच्या वार्षिक अनुदानात बसत नाही.

मला या प्रश्नाची नीट वाट सापडली ती बॅटरीच्या दुकानात.

बसस्टँडच्या अलीकडे एक बॅटरीवाले मामा बसतात. सगळे मामाच म्हणतात. पूर्वी रेल्वेत ट्रेन लायटिंगला होते, डब्यांच्या बॅटऱ्या सांभाळायचं काम. आता ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या, फवारणी पंपाच्या आणि रानडुकरांसाठी कुंपणाला लावतात त्या झटका मशीनच्या बॅटऱ्या त्यांच्याकडे येतात. शेतीची लाइन कधी दिवसा तर कधी रात्री, त्यामुळे गावात बॅटरीशिवाय चालत नाही. मी इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन गेलो होतो. गिऱ्हाईक नसलं की मामा बोलतात आणि त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं.

त्यांनी हायड्रोमीटर बुडवला, बल्ब दाबला, तरंगत्या काचेकडे बघून म्हणाले, "बाराशे पन्नास. चांगलीय." आणि मीटर न लावताच पुढे म्हणाले, "दोन पॉइंट शून्य नऊ निघंल सेलला." मी मीटर लावला. बारा पॉइंट पाच चार. सहा सेलने भागलं तर २.०९. हे कसं, विचारलं. ते म्हणाले, ग्रॅव्हिटीत चौऱ्याऐंशी पॉइंट मिळवायचे. १.२५ अधिक ०.८४. रेल्वेत साहेबाने शिकवलेला नियम. बॅटरी थोडा वेळ निवांत ठेवलेली असली पाहिजे एवढीच अट.

मी घरी येऊन तो नियम ताडून पाहिला. बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल नुसतं वीज वाहून नेत नाही, ते रासायनिक क्रियेत भाग घेतं. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं आणि आम्ल पातळ होतं. आम्लाची ताकद बदलली की व्होल्टेज बदललंच पाहिजे, हेच नर्न्स्ट सांगतो. मामांचा चौऱ्याऐंशीचा नियम म्हणजे त्या वक्र रेषेचा कामापुरता सरळ केलेला तुकडा. दुकानात लॉगरिदम कोण काढत बसणार.

त्याच बैठकीत मी त्यांना वर्गातला एक प्रश्न टाकला. पाणी १.२३ व्होल्टला फुटतं असं आम्ही शिकवतो. तुमच्या सेलमध्ये दोन व्होल्ट आहेत आणि आत पाणीच पाणी, मग ते फुटत कसं नाही? मामा म्हणाले, "फुटतं की. म्हणून तर पाणी टाकावं लागतं. पण दमानं फुटतं. आणि जुन्या प्लेटा जास्त पाणी पितात." शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटायला फार कष्ट पडतात, त्यासाठी तक्त्यापेक्षा बरंच जादा व्होल्टेज लागतं. या मंदपणावरच गास्तों प्लांतेची १८५९ ची बॅटरी आजवर टिकून आहे. जुन्या प्लेटा जास्त पाणी पितात तेही खरं. पॉझिटिव्ह जाळीत मजबुतीसाठी घातलेलं अँटिमनी हळूहळू सुटून निगेटिव्हवर जाऊन बसतं आणि तिथे हायड्रोजनची वाट सोपी करतं. मेंटेनन्स-फ्री बॅटरीत म्हणून अँटिमनीऐवजी कॅल्शियम घालतात. तक्ता काय घडू शकतं ते सांगतो, किती वेगाने घडेल ते सांगत नाही, हे वाक्य मी वर्गात दरवर्षी म्हणतो. मामांकडून आल्यापासून उदाहरणासकट म्हणतो.

मग त्यांनी ती काडी काढली. पेन्सिलीएवढी राखाडी धातूची काडी, खाली भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या नळीत, म्हणजे प्लेटेला थेट लागू नये. कॅडमियमची. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या, वरून पट्ट्या उघड्या असलेल्या बॅटरीत एक सेल कमजोर होता. व्होल्टमीटरने सेल कळतो, मामा म्हणाले, पण त्यातली कुठली प्लेट मेली ते कळत नाही. त्यांनी झाकण काढून काडी आम्लात सोडली. मीटरची एक पिन काडीला, दुसरी आधी पॉझिटिव्ह टर्मिनलला: २.२ च्या जवळ. मग निगेटिव्हला: ०.३ च्या वर. निगेटिव्हला ०.१ च्या आसपास पाहिजे होतं. "पॉझिटिव्ह ठीक आहे. निगेटिव्हनं सल्फेट धरलंय," मामा म्हणाले आणि काडी पाण्यात धुऊन, स्वतःचे हात साबणाने धुऊन, काडी फडक्यात गुंडाळून ठेवली. कॅडमियम विषारी, हे रेल्वेत त्यांना बजावून सांगितलेलं असणार.

मी बराच वेळ तिथेच बसलो. वर्गात दिलेला व्याह्याचा दाखला इथे पुरत नव्हता. दोघांच्या भांडणात कोण चुकतो हे त्या दोघांना विचारून कळत नाही, तिसरा साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार भांडणात सामील नसावा एवढी एकच अट. कॅडमियमच्या काडीतून मीटरपुरताच, जवळजवळ शून्य करंट जातो. ती काही करत नाही, नुसती उभी असते. हायड्रोजन इलेक्ट्रोड म्हणजे तरी दुसरं काय? जगाने एकमताने निवडलेली तिसरी काडी. चिन्हंसुद्धा अशीच ठरवून झालेली आहेत. मी शिकलो तेव्हा अमेरिकी वळणाची जुनी पुस्तकं हाताशी होती, त्यात झिंकचा आकडा अधिक ०.७६ असायचा, कारण ती ऑक्सिडेशनच्या दिशेने लिहीत. १९५३ साली स्टॉकहोमला रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रिडक्शनची दिशा ठरवली. झिंक तेच राहिलं.

तेव्हापासून मी हा पाठ उलट्या बाजूने घेतो. हायड्रोजन नंतर. आधी मुलांना विचारतो, आपल्याकडे सगळ्यात खात्रीची काडी कोणती? उत्तर येतं तांबं. मोरचूद भरपूर, तार भरपूर, आकडा स्थिर. मग ठराव होतो की ताडकळसच्या तक्त्यात तांबं शून्य. बाकी सगळे तांब्यासमोर बसवायचे. झिंक: उणे १.०८. शिसं, लेड नायट्रेटमध्ये: उणे ०.४६. लोखंडाचा खिळा ताज्या फेरस सल्फेटमध्ये: हिशेबाने उणे ०.७८ हवं, पण येतं बरंच कमी, आणि द्रावण तपकिरी होत जातं तसं आणखी घसरतं. चांदीसाठी प्रयोगशाळेतली सिल्व्हर नायट्रेटची लहानशी बाटली बाहेर काढायची आणि सोनाराकडून तारेचा तुकडा उसना आणायचा: अधिक ०.४३. बोटं काळी होतात ती काही दिवस जात नाहीत. त्या वर्षी चांदी कुणी मोजली ते बोटांवरून कळतं.

आता गंमत सुरू होते. झिंक आणि चांदी थेट कधी जोडलेली नाहीत. त्यांचा सेल किती देईल? पोरं तांब्यावरून हिशेब करतात, १.०८ अधिक ०.४३, म्हणजे १.५१. मग ग्लास हलवून, पूल बदलून, दोघांना समोरासमोर आणतात. मीटर १.५१ च्या एक-दोन पॉइंट इकडेतिकडे थांबतो, आणि एवढ्यासाठी वर्गात टाळ्या पडलेल्या मी ऐकल्या आहेत. तांबं त्या सेलमध्ये कुठेच नाही. साक्षीदार निघून गेला तरी हिशेब बसला. हे पुस्तकातल्या आकड्यांनी आधीच ठाऊक असतं, पण पुस्तकातून ते टाळीपर्यंत पोचत नाही.

मग मी विचारतो, आपल्या तक्त्यात हायड्रोजन कुठे बसेल? आपल्याकडे तो इलेक्ट्रोड नाही, तेव्हा मोजता येणार नाही, पुस्तकावरून काढा. उणे ०.३४. जगाच्या तक्त्याचं शून्य आमच्याकडे उणे ०.३४ ला येतं. एका पोराला हे फार आवडलं. त्याने विचारलं, "सर, पेपरात हे लिवलं तर?" मी म्हणालो, पेपरात हायड्रोजनलाच शून्य लिहायचं, तपासणाऱ्या सरांच्या घरी आपला तक्ता नाही.

हा तक्ता आम्ही कार्डशीटवर करून प्रयोगशाळेच्या भिंतीला लावला. वर्गाने नियम केला की मोजलेला आकडा शाईने आणि हिशेबाने काढलेला पेन्सिलने. दरवर्षीची बॅच नव्याने मोजते आणि आपला आकडा शेजारी लिहिते, त्यामुळे झिंकसमोर आता आकड्यांची रांग झाली आहे. मामा एकदा कॉलेजच्या इन्व्हर्टरसाठी आले होते, तेव्हा तक्त्यापाशी उभे राहिले. सगळं वाचून झाल्यावर विचारलं की आमचं कॅडमियम कुठाय. एका मुलीने तिथल्या तिथे वजाबाकी करून उणे ०.७४ सांगितलं आणि पेन्सिलने लिहिलं. मामांनी काडी आणून मोजू का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो, कॅडमियमचं द्रावण मुलांच्या हातात द्यायचं नाही.

अॅल्युमिनियमची ओळ मात्र भांडणाची आहे. मीटरने मोजलेलं उणे अर्धा व्होल्ट शाईने लिहायचं, की हिशेबाचं उणे दोन पेन्सिलने? वायरमनच्या पोराच्या गटाचं म्हणणं, जोड जळतो तो सायीसकट असलेल्या अॅल्युमिनियमचा, तेव्हा खरा आकडा आपला. दुसरा गट म्हणतो, साय हा धातू नव्हे. सध्या तिथे दोन्ही आकडे आहेत आणि कुणीतरी समोर "मीठ टाकून बघा" असं लिहून ठेवलंय.